37.8 अंश: गोव्यातल्या फोंड्याच्या एका घरातला सू-व्हीद सर्क्युलेटर आणि धुवायचे राहिलेले रोल

प्रकरण आमच्याच घरचं आहे. फोंड्याच्या बाजारापासून थोडं आत, मागे विहीर आणि परसू असलेलं जुनं घर. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारा मुलगा. सासऱ्यांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता: पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, जत्रा. धाकटे दीर क्रूझ बोटीवर किचनमध्ये आहेत. मागच्या सुट्टीत ते आले तेव्हा त्यांच्या सामानात सू-व्हीदचा इमर्शन सर्क्युलेटर होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जाड टॉर्चसारखं दिसणारं हे यंत्र पातेल्याच्या काठाला क्लिपने अडकवायचं. पाण्यात बुडणाऱ्या भागात हीटर, छोटा पंप आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो. बाथरूमच्या बादलीत टाकतो तो रॉड बंद करेपर्यंत पाणी तापवतच राहतो, शिवाय वरचं पाणी कढत आणि तळाचं कोमट असं होतं. हे यंत्र दिलेल्या अंशावर थांबतं आणि तासन्‌तास तिथेच राहतं. पाणी फिरतं ठेवल्यामुळे वर-खाली फरक पडत नाही. आमच्या यंत्रातला फरक एक दशांश अंशाच्या आसपास असतो.

त्याचं ठरलेलं काम म्हणजे पिशवीत हवाबंद केलेलं मांस, मासा किंवा अंडं नेमक्या तापमानाच्या पाण्यात हळूहळू शिजवणं. जॉर्ज प्रालूस यांनी 1974 मध्ये फ्रान्समधल्या रोआन गावच्या त्र्वाग्रो रेस्टॉरंटसाठी फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं पुष्ट यकृत) असं शिजवून दाखवलं, तिथून ही पद्धत हॉटेलांत शिरली. मात्र पाणी एका अंशावर धरून ठेवणारं यंत्र मूळचं प्रयोगशाळेतलं. तिथून ते शेफनी उचललं आणि घरगुती, स्वस्त रूपात ते बरंच नंतर आलं. पुढे जे घडलं त्यासाठी ही वंशावळ लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आमच्या घरात मासळी जास्त, मटण क्वचित, सोमवारी आणि श्रावणात काहीच नाही. बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, होतंच अर्ध्या तासात. साठ अंशांवर दोन तास थांबायला इथे कोणाला सवड नव्हती, म्हणून यंत्र फडताळात गेलं.

ते फडताळातून काढायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. ही गोष्ट मी मुद्दाम पुढे आणते आहे. यंत्र युरोपातलं, 230 व्होल्टचं, म्हणजे आपल्याकडे चालणारं. पण त्याचा प्लग दोन गोल पिनांचा आणि अर्थिंगच्या पट्ट्या प्लगच्या कडेला. आपल्या सॉकेटमध्ये तो बसतो, यंत्रही चालू होतं, पण अर्थिंग मिळत नाही. पाण्यात बुडणाऱ्या, धातूचं अंग असलेल्या उपकरणाला अर्थिंग नसणं म्हणजे जिवाशी खेळ. आम्ही तीन पिनांचा प्लग बसवून घेतला आणि त्या लाईनला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागली की लाईन तोडणारा स्विच) आहे ना, हे तपासून घेतलं. अमेरिकेहून आणलेलं यंत्र 120 व्होल्टचं असतं. ते थेट लावलं तर जळतं आणि त्याला पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. आणि एक सक्त नियम: यंत्र सुरू असताना त्या पाण्यात हात, पाय, काही घालायचं नाही. पाय शेकायला गरम पाणी हवं असेल तर आधी प्लग काढायचा, यंत्र बाहेर घ्यायचं, पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं, मग पाय.

स्वयंपाकाबाहेरचे पहिले उपयोग किरकोळ निघाले. 43 अंशांच्या पाण्यात झाकणाच्या स्टीलच्या डब्यात विरजण लावलं तर पावसाळ्यातही पाच-सहा तासांत घट्ट, गोडसर दही मिळतं. मे महिन्यात यंत्राची काहीच गरज नाही, तेव्हा दही लागण्यापेक्षा आंबट न होऊ देणं हीच चिंता. सासूबाईंचं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप, दगडासारखं कडक असतं. टाचांना लावायच्या मलमासाठी ते खोबरेल तेलात विरघळवताना गॅसवर हमखास जास्त तापतं. बंद बरणी 45 अंशांच्या पाण्यात ठेवली की ते निवांत पातळ होतं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत फ्रीझरमधला विस्वण (सुरमई) सोडवायलाही यंत्र कामी आलं: अंश पाण्याच्या तापमानापेक्षा खाली ठेवायचा, हीटर लागत नाही, नुसता पंप फिरतो आणि फिरत्या पाण्यात पिशवीतला मासा भराभर सुटतो. मात्र आपल्या नळाचं पाणी 27 अंशांचं, मासळीला ते गरमच. त्यात बर्फ टाकावाच लागतो. हे यंत्र तापवतं, थंड करत नाही. ही मर्यादा पुढे आडवी आली, आणि तिथेच सासऱ्यांनी कमाल केली.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीची साफसफाई चालली होती. स्टुडिओ बंद केला तेव्हाची लाकडी पेटी माळ्यावरून खाली आली. आत प्लॅस्टिकच्या काळ्या डब्यांत फिल्मचे पाच रोल, फोटो काढलेले, पण न धुतलेले, म्हणजे डेव्हलप न केलेले. चार कोनिकाचे कलर, छत्तीस फोटोंचे. पाचवा ब्लॅक अँड व्हाइट, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. सासरे ब्लॅक अँड व्हाइट स्वतः धुवायचे, कलर रोल शहरातल्या लॅबकडे जायचे. पुढे डिजिटल आलं, रोल धुणारी मशीनं एकेक बंद पडली. 2006 मध्ये कोनिकाने (तेव्हाची कोनिका मिनोल्टा) फिल्मच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांचे रोल वेळेवर गेले आणि स्वतःसाठी काढलेले मागे राहिले.

मुंबईला कुरिअर करायचं माझ्या नवऱ्याने सुचवलं. सासरे तयार झाले नाहीत. वाटेत हरवले तर दुसरी प्रत नाही, आणि इतक्या जुन्या रोलला किती वेळ द्यायचा हे त्यांना स्वतः ठरवायचं होतं. कलरची एक लिटरची पावडरची किट आता ऑनलाइन मिळते. अडचण तापमानाची.

कलर निगेटिव्हची पद्धत सी-41 म्हणून ओळखली जाते. कोडॅकने ती 1972 मध्ये आणली, आणि बहुतेक सगळ्या कंपन्यांचे कलर निगेटिव्ह रोल तिच्यातच धुतले जातात. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, 37.8 अंशांवर, वेळ 3 मिनिटं 15 सेकंद. कोडॅकच्या मोजमापात सूट आहे सुमारे 0.15 अंशाची. इतकी कडक अट का, हे मला सासऱ्यांनी वहीच्या पानावर काढून दाखवलं. फिल्मवर रंगांचे तीन मुख्य थर एकावर एक असतात: वरचा निळा उजेड टिपणारा, मग हिरवा, खाली लाल. डेव्हलपर वरून खाली झिरपत जातो. तापमान घसरलं तर तिन्ही थर सारखेच मागे पडत नाहीत, तळाचा जास्त पडतो. मग उजळ भागात एक रंग चढतो आणि सावलीत दुसराच. असा तिढा नंतर कॉम्प्युटरवरही पुरता सुटत नाही. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये अंशभर चुकलं तर वेळ कमी-जास्त करून भागतं. कलरमध्ये तशी सोय नाही.

लॅबच्या मशीनमध्ये हे आपोआप व्हायचं. घरी करणारे लोक मोठ्या टबात कोमट पाणी घेऊन किटलीने थोडं थोडं गरम ओतत बसायचे, एक डोळा थर्मामीटरवर. सासऱ्यांनी फडताळातलं यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "बाय, हे पाणी हलवतं पण का?" हलवतं म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. थर्माकोलची पेटी आणायला मुलाला बाजारात पिटाळलं.

थर्माकोलची पेटी म्हणजे मासळीवाले बर्फ भरून ठेवतात ती, अर्थात कोरी. मला वाटतं या सगळ्या जुळणीतला सगळ्यात शहाणा भाग हाच होता. स्टीलचं पातेलं चारी बाजूंनी उष्णता सोडतं आणि हीटर सारखा लागत राहतो. थर्माकोल ती धरून ठेवतो. झाकणाला यंत्रापुरती आणि बाटल्यांपुरती भोकं पाडली. दहा लिटर पाणी 27 अंशांवरून 38 वर न्यायला हिशेबाने 0.13 युनिट वीज लागते. हजार वॅटच्या हीटरला आठेक मिनिटांचं काम. पुढे ते तिथे धरून ठेवायला फारच थोडी, कारण बाहेरची हवाच 27-28 अंशांची. हा गोव्याचा फायदा आहे. थंड मुलखात रसायनाचा डबा पाण्याबाहेर काढून उलटासुलटा करताना प्रत्येक वेळी उष्णता गमावतो. आमच्याकडे पंखा बंद केला की तो फरक जवळजवळ उरतच नाही.

यंत्राचा आकडा 38 वर गेला म्हणून मी डेव्हलपरची बाटली उचलायला गेले, तर सासऱ्यांनी हाताने थांबवलं. "तो आकडा पेटीतल्या पाण्याचा. बाटलीतलं अजून मागे आहे." त्यांचा डार्करूमचा काचेचा थर्मामीटर त्यांनी बाटलीत सोडला: चौतीसच्या जरा वर. बाटलीतलं द्रव पाण्याच्या मागून तापतं, त्याला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. नंतर एकदा हेही कळलं की बाटलीतलं पूर्ण तापलं तरी काचेच्या थर्मामीटरवर 37.8 यायला यंत्रावर 38.1 ठेवावं लागतं. सेन्सर हीटरजवळ, बाटल्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला. यंत्र विकत घेऊन हे काम करू पाहणाऱ्याने वेगळा, भरवशाचा थर्मामीटर घेतल्याशिवाय रोल उघडू नये.

धुण्याआधी फिल्म डबीतून काढून रीळावर गुंडाळायची, ते काम पूर्ण अंधारात. खिडकी नसलेल्या कोठीच्या खोलीत रात्री, दाराच्या फटीला जुनी रजई लावून. दमट हवेत प्लॅस्टिकच्या रीळात फिल्म चिकटते, अर्ध्यात अडते, आणि जोर केला तर दुमडते. म्हणून त्यांनी स्वतःचं जुनं स्टीलचं रीळ काढलं. मी बाहेर उभी होते. आतून फक्त डबीचं झाकण उघडल्याचा आवाज, मग कात्रीचा, मग बराच वेळ काही नाही. बाहेर आले तेव्हा शर्ट घामाने भिजलेला आणि रीळ ठेवलेला, उजेड आत न जाऊ देणारा टँक बंद. बोटांवर घाम आला की फिल्मवर ठसे उठतात, म्हणून मधे दोनदा थांबून हात पुसले म्हणाले.

पहिला धुतला तो काय काढलंय याची चिठ्ठी नसलेला रोल, म्हणजे गेलाच तरी त्यातल्या त्यात कमी हळहळ. आधी मिनिटभर साधं पाणी त्याच तापमानाचं, मग डेव्हलपर. वेळ त्यांनी नेहमीपेक्षा अर्धा मिनिट वाढवला, फिल्म जुनी म्हणून. टँक दर थोड्या सेकंदांनी उलटा करून परत पेटीत. मग ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं, फिल्ममधली चांदी काढून टाकणारं दुसरं रसायन, मग धुणं. हातात मोजे सक्तीचे, कारण कलर डेव्हलपरने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की पुन्हा पुन्हा उठते. शेवटच्या रसायनासाठी विहिरीचं गढूळ पाणी चालणार नव्हतं. पेट्रोलपंपावर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर वापरलं.

रीळावरून पट्टी उलगडली तेव्हा ती नारिंगी होती आणि तिच्यावर चित्रं होती. कुणाच्या तरी लग्नाचे उरलेले फोटो, स्टुडिओच्या दारातली स्कूटर, कॅमेरा तपासायला काढलेल्या भिंती. सासऱ्यांनी चित्रं पाहिलीच नाहीत आधी. ट्यूबलाइटसमोर धरून पट्टीच्या कडेचे छापील आकडे पाहिले. ते आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात आणि रसायनाने काम केलं की ठळक दिसतात. "धुणं बरोबर झालंय," म्हणाले, "आता जे वाईट दिसेल ते वयाचं."

बाकीचे तिन्ही त्यानंतर धुतले. एका डबीचं झाकण तडकलेलं होतं, तिच्यात दमट हवा शिरून बुरशीने अर्ध्याहून जास्त फ्रेम खाल्ल्या. त्याला कुठल्याही अंशाचं औषध नाही. सर्वांत चांगला निघाला म्हार्दोळच्या महालसेच्या देवळातल्या जायांच्या पूजेचा. जायांचे वळेसर, म्हणजे गजरे, पांढरे, म्हणून निगेटिव्हवर ते काळे कुळकुळीत, रांगेने टांगलेले, प्रत्येक कळी सुटी मोजता येईल इतके स्पष्ट. सावल्यांत दाणे आले होते, सगळ्यावर जांभळट झाक होती. पण ती पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत एकसारखी, आणि उजळ भाग व सावली एकमेकांपासून फुटलेले नव्हते. मुलाने पांढऱ्या लाइट-पॅडवर पट्टी ठेवून कॅमेऱ्याने फोटो काढले आणि रंग उलटवले. एकदा बेतलेली दुरुस्ती त्याला सगळ्या फ्रेमना चालली. तापमान धरून ठेवल्याचा मोबदला तो हाच.

वाळवायला पावसाळ्यात फार वेळ लागला. ओली फिल्म मऊ असते, तिला बोट लावायचं नाही. धूळ कमी म्हणून बाथरूममध्ये चिमट्याला टांगली आणि सकाळपर्यंत दार बंद ठेवलं. हवेत इतका ओलावा असताना ती पूर्ण वाळल्याशिवाय कापून पाकिटात घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

उरला 'इंदू'. ब्लॅक अँड व्हाइटचं ठरलेलं तापमान 20 अंश, आणि आमच्या पेटीतलं पाणी न तापवताच 27. सासरे पूर्वी उन्हाळ्यात ट्रेच्या भोवती बर्फ रचायचे, पण तेव्हा पाणी कधी अठरावर, कधी बाविसावर, आणि वेळेचा अंदाज हाताने. आता त्यांनी उलटी युक्ती केली. मासळी बाजारातून बर्फ आणवला, तो पिशवीत बांधून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवला, तुकडे पंपात जाऊ नयेत म्हणून. पाणी सतरापर्यंत उतरू दिलं आणि यंत्र 20 वर लावलं. बर्फ खाली ओढतो, हीटर वर ढकलतो, पंप दोन्ही मिसळतो, आणि थर्मामीटरचा पारा विसावर बसून राहतो. विजेच्या हिशेबाने ही उधळपट्टी आहे. पण काम वीसेक मिनिटांचं, आणि थंड न करू शकणाऱ्या यंत्राकडून थंडावा अचूक धरून घेणं हे मला या सगळ्यात सर्वांत आवडलं. सगळ्या यंत्रांत आकडा विसापर्यंत खाली जात नाही. घेण्याआधी तेवढं पाहावं. रोल मात्र धुरकट निघाला. सगळ्या पट्टीवर करडेपणा, त्यातून ओळखू येतील अशा थोड्या फ्रेम: नांगरणी, एक होडी, स्टुडिओचा जुना बोर्ड.

वापरलेल्या रसायनाचं काय करायचं यावर घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं. फिक्सरमध्ये फिल्ममधली चांदी विरघळून येते. आमच्याकडे सेप्टिक टँक आहे आणि तिच्यापासून विहीर फार लांब नाही. जांभा दगड पाणी झिरपू देतो. म्हणून मोरीत किंवा परसात एक थेंब ओतला नाही. स्टीलच्या लोकरीवर चांदी बसते, असं सासरे जुन्या सवयीने करत आले होते. तसं केलं, तरी उरलेलं द्रव चिठ्ठी लावलेल्या कॅनमध्ये ठेवलं आहे, अशा कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्याकडे द्यायला. ज्याच्याकडे ही सोय नाही त्याने घरी रोल धुवायला घेऊ नये, इतकं मी स्पष्ट म्हणेन.

सासूबाईंनी त्यांचा निर्णय त्याच आठवड्यात दिला: "आता हा रॉड माझ्या दह्याच्या पाण्यात नको." रसायनाच्या बाटल्या बंद होत्या, यंत्राला फक्त पाणी लागलं होतं, असं मुलाने सांगून पाहिलं. पण टँक उलटा करताना थेंब पेटीत पडतात, ते मी स्वतः पाहिले होते. सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. यंत्र, पेटी, बाटल्या, मापं आणि मोजे आता कोठीच्या खोलीत वेगळ्या फळीवर असतात आणि स्वयंपाकघरात येत नाहीत. दही पूर्वीसारखं दुलईत गुंडाळून लागतं. भिरंडेलही परत गॅसवर, मंद आचेवर. ज्यांना दोन्ही करायचं आहे त्यांनी दोन यंत्रं घ्यावीत.

हे ऐकून ओळखीच्यांकडून विचारणा यायला लागली आहे, आमच्याकडेही रोल आहेत, धुवून द्याल का. सासरे नाही म्हणतात. एक लिटर रसायनात मोजकेच रोल नीट निघतात, एकदा कालवलं की ते काही आठवड्यांत उतरतं, आणि दुसऱ्याचा एकुलता एक रोल उतरलेल्या रसायनात घालायची त्यांची तयारी नाही. विचारणाऱ्यांना ते एवढंच सांगतात: डबी उघडून आत बघू नका, फिल्म ओढून तर मुळीच नाही. डबी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. धुवायला द्यायच्या आदल्या रात्री डबा बाहेर काढा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आपल्या हवेतलं पाणी थेट फिल्मवर बसतं.